पारा चौतिसावरच, मग जीव का कासावीस होतो?

मे महिन्यातली पणजी. सकाळी नऊ वाजता मळा या वाड्यातून मार्केटपर्यंत चालत गेलं तरी सदरा पाठीला चिकटतो. मासळीची पिशवी घेऊन परत येईतो घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरलेला असतो. घरी येऊन पेपर उघडावा, तर हवामानाच्या चौकटीत कमाल ३४, किमान २७. त्याच चौकटीत खाली नागपूर ४३. संध्याकाळी नागपूरच्या मावसबहिणीचा फोन येतो आणि ती म्हणते, "चौतीस? आमच्याकडे होळीच्या आधीच असतं एवढं. तुम्ही गोवेकर फार नाजूक झालात बाई."

दोन वर्षांपूर्वी ती मे महिन्यात आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठली आणि भिंतीला टेकून बसली. "डोकं तापलेलं नाही, ऊन लागलेलं नाही, पण अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं वाटतंय," म्हणाली. तिनं कूलर आणायचं सुचवलं. पणजीत कूलर कुणाकडेच का दिसत नाही, हा प्रश्नही तिनंच विचारला. तिला उत्तर देता देता मला कळलं की आपण सगळे ज्या एका आकड्यावरून उन्हाळा मोजतो, तो आपल्या किनाऱ्यावरच्या त्रासाचा आकडाच नाही. पेपरातले ३४ अंश खरे असतात. पण आपल्याला कासावीस करणारी गोष्ट त्या चौकटीत छापलेलीच नसते.

अंगातली चूल

माणसाचं शरीर ही रात्रंदिवस पेटलेली चूल आहे. स्वस्थ बसलेला मोठा माणूस साधारण शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता सतत तयार करत असतो. सिमेंटची पाटी डोक्यावर घेऊन जिना चढणारा याच्या चौपट, पाचपट. ही उष्णता बाहेर पडली नाही तर शरीराचं आतलं तापमान चढू लागतं. ते ३७ च्या आसपास राहिलं तरच मेंदू, हृदय, मूत्रपिंडं नीट चालतात.

उष्णता बाहेर टाकायचे दोन मोठे मार्ग आहेत. त्वचेपेक्षा भोवतालची हवा थंड असेल तर उष्णता आपोआप हवेत जाते, गरम चहाचा कप ठेवल्या जागी निवतो तशी. उन्हाळ्यात त्वचेचं तापमान असतं सुमारे ३५ अंश. जानेवारीच्या पहाटे हवा २० अंश असते, तेव्हा हा मार्ग मोकळा असतो. मे महिन्यात हवा ३४ वर पोचली की तो जवळजवळ बंद होतो. दोन्हीकडे पाणी सारख्याच पातळीला असेल तर ते वाहणार कुठे?

मग उरतो घाम. आणि तो विलक्षण मार्ग आहे. एक लिटर घाम अंगावरून वाळून गेला, तर जाताना तो एवढी उष्णता घेऊन जातो की तेवढ्या उष्णतेवर नळाचं सात-आठ लिटर पाणी उकळलं असतं. आपल्या अंगावर एवढं ताकदीचं थंड यंत्र जन्मापासून बसवलेलं आहे. त्याची अट एकच: घाम वाळायला हवा. टपटप गळून जमिनीवर पडलेला, रुमालानं टिपलेला किंवा सदऱ्यात जिरून राहिलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण उष्णता मात्र जवळजवळ तिथेच ठेवतो. म्हणून "आज फार घाम आला" हे वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगू शकतं. नागपुरात घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो, कपाळावर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. इथे तो दिसतो, वाहतो, आणि त्याचा उपयोग फारसा होत नाही.

नागपूरचा माठ, पणजीचा माठ

विदर्भात माठातलं पाणी दाताला लागेल इतकं गार होतं. तोच माठ पणजीत आणून ठेवला तर पाणी फार तर कोमटपणा सोडतं. माठात दोष नसतो. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणजे माठालाही घामच येतो. आणि आपल्यासारखाच त्याचाही घाम इथे वाळत नाही. कूलरचं तेच. गवताच्या ओल्या जाळीतून हवा ओढायची, पाणी वाळलं की हवा गार. पणजीच्या हवेत तो कूलर खोलीत आणखी ओल सोडण्याशिवाय काही करत नाही, म्हणून इथल्या दुकानांत त्याला फारसं गिऱ्हाईक नाही.

हवा म्हणजे अंग पुसायचा पंचा समजा. कोरड्या पंच्यानं अंग एका फेरीत कोरडं होतं. पावसाळ्यात तीन दिवस न वाळलेल्या पंच्यानं कितीही पुसा, अंग ओलसरच. पंचा किती भिजलेला आहे हे सांगणाऱ्या आकड्याला हवामानशास्त्रात सापेक्ष आर्द्रता म्हणतात. आर्द्रता ७० टक्के म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते, त्यातली ७० टक्के आधीच भरलेली आहे. तुमच्या घामासाठी उरलेली जागा फक्त ३० टक्के.

यात आणखी एक मेख आहे. हवा जितकी गरम, तितका हा पंचा मोठा. दर एका अंशाला सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. म्हणून डिसेंबरातल्या ७० टक्क्यांपेक्षा मे महिन्यातल्या ७० टक्क्यांत प्रत्यक्ष पाणी पुष्कळ जास्त असतं. सोलां, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घालणाऱ्या बायकांना हे आकड्यांशिवाय कळतं. मार्चमध्ये वाळवणाला जेवढे दिवस लागतात, तेवढ्यात मेअखेरीस काम होत नाही, ऊन दोन्ही वेळा डोळे दिपवणारं असलं तरी. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, घाई असते ती पाऊस येणार म्हणून, आणि हवा आधीच भरत आलेली असते म्हणूनही.

ओल्या फडक्याचा पारा

तापमान आणि ओल या दोन्हींचा एकत्र अंदाज घेण्याची एक जुनी, सोपी युक्ती आहे. एका साध्या थर्मामीटरच्या पाऱ्याच्या फुग्याभोवती ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि त्याच्यावर वारा घालायचा. फडक्यातलं पाणी वाळेल तसा पारा खाली उतरेल. हवा कोरडी असेल तर खूप उतरेल, दमट असेल तर थोडासाच. जिथे तो थांबतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. या लेखात हा एवढाच अवघड शब्द आहे, आणि पुढे मी त्याला ओला पारा म्हणणार आहे.

ओला पारा तुमच्या घामाचं प्रामाणिक चित्र दाखवतो. घाम वाळून वाळून त्वचा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, ती मर्यादा म्हणजे हा आकडा.

आता नागपूर आणि पणजी शेजारी ठेवू. नागपुरात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला पारा येतो साधारण २३. पणजीत ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तो येतो साडेअठ्ठावीसच्या आसपास. पेपरातल्या चौकटीत आपण नऊ अंशांनी सुखी असतो, आणि घामाच्या हिशेबात साडेपाच अंशांनी दुःखी. मावसबहीण भिंतीला टेकून बसली ती या साडेपाच अंशांमुळे.

तरीही नागपूरचा उन्हाळा सुसह्य असतो असा याचा अर्थ नाही, हे इथेच सांगायला हवं. ४३ अंशांची हवा अंगाला उलट तापवते, पाणी झपाट्यानं ओढून घेते, आणि उन्हात उभ्या माणसाला तासाभरात आडवं करू शकते. दोन वेगळ्या प्रकारचे धोके आहेत. तक्रार एवढीच की पहिला मोजायला पारा आहे, दुसरा मोजायची सवय आपण लावून घेतलेली नाही.

ओल्या पाऱ्याला एक टोकाची मर्यादा आहे: ३५. तिथे घाम वाळूनही त्वचा ३५ च्या खाली येऊ शकत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही, आणि सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ही मर्यादा हिशेबानं मांडली. नंतर पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालांनुसार, दमट हवेत शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटू लागतो, तेही घरातली हलकी कामं करण्याएवढ्या हालचालीत. पणजीतला २८ आणि प्रयोगातला ३१ यांतलं अंतर मला तरी फार मोठं वाटत नाही. आणि प्रयोगात पंचाहत्तर वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी आजी नव्हती.

मग उष्णतेची लाट कशाला म्हणतात?

मार्च २०२३ मध्ये हवामान खात्यानं गोव्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आणि शाळा दुपारच्या आत सोडण्याचा आदेश निघाला. तेव्हा अनेकांनी विचारलं, लाट मार्चमध्ये कशी? खरा उकाडा तर मे महिन्यात असतो. तेव्हा का कुणी शाळा सोडत नाही?

प्रश्न अगदी नेमका आहे. भारतीय हवामान खात्याचे निकष असे: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, डोंगराळ भागात ३०, आणि किनाऱ्यावर ३७ हवं. शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर हवं. म्हणजे हा निकष कोरड्या पाऱ्याचा आहे. त्यात ओलीला जागा नाही.

आता आपल्या वाऱ्यांकडे बघा. शाळेत शिकलो ते खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, जमिनीलगतची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री उलट. फेब्रुवारी-मार्चमध्ये बऱ्याचदा पूर्वेकडून, घाटावरून, कोरडा वारा जोरानं येत असतो. तो खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत किनाऱ्याबाहेरच थोपवून धरतो. जमीन मोकळेपणी तापते, पारा ३७ च्या पुढे जातो, हवा मात्र कोरडी राहते. ही झाली अधिकृत लाट. मे महिन्यात खारा वारा सकाळीच मांडवी नदीवरून आत शिरतो. तो पाऱ्याला ३३-३४ च्या वर जाऊ देत नाही, पण तापलेल्या अरबी समुद्राची वाफ घेऊन येतो. पारा आटोक्यात, ओला पारा उंच. निकषाप्रमाणे लाट नाही, म्हणून इशारा नाही, म्हणून आदेश नाही.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. गोव्यात माणसाला सर्वांत जास्त दमवणारे दिवस बहुतेक वेळा कोणत्याच यादीत येत नाहीत. खात्यालाही हे माहीत आहे. अलीकडे "उष्ण व दमट" असा वेगळा इशारा कोकण-गोव्यासाठी निघतो आणि २०२३ पासून तापमान व आर्द्रता मिळून "भासणारी उष्णता" सांगणारा निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात दिला जातो. त्या हिशेबानं ३४ अंश आणि ६५ टक्के म्हणजे अंगाला चव्वेचाळीसच्या आसपास, आणि तेही सावलीत. पण गल्लीत बोलताना, ठेकेदाराशी भांडताना, शाळेच्या पालकसभेत अजून कोरडा पाराच चालतो. २०२५ मध्ये गोव्यात शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पालकांनी उकाड्याचं कारण देऊन विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वादात दोन्ही बाजूंनी वर्गखोलीतला ओला पारा मोजून टेबलावर ठेवला असता, तर बोलणं अधिक नेमकं झालं असतं असं मला वाटतं.

दिवसापेक्षा रात्र वाईट

माझ्या मते आपल्या शहराची सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रात्रीचं तापमान. दिवसभर शिणलेलं शरीर रात्री थंडाव्यात सावरतं. हृदयाचे ठोके मंदावतात, झोप लागते. कोरड्या प्रदेशात सूर्य मावळला की तापलेली जमीन आपली उष्णता आकाशात फेकून देते आणि पहाट बरीच निवते. दमट हवेतली वाफ मात्र ही उष्णता पांघरुणासारखी अडवून धरते. म्हणून आपली किमान २७ ही संख्या कमाल ३४ पेक्षा मला जास्त काळजीची वाटते.

त्यात आता घरं बदलली. पणजीच्या फोंताइनश या जुन्या वस्तीतलं एखादं घर आठवा. जाड चिऱ्याच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, समोरासमोर खिडक्या, शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा मऊ उजेड, आणि संध्याकाळी बसायला बाल्कांव, म्हणजे दारापुढची बैठकीची ओसरी. दमट हवेत वारा खेळता ठेवणं हाच एक फुकटचा उपाय आहे हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. पन्नास वर्षांत आपण त्या जागी सिमेंटचा स्लॅब आणला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापासून पहाटेपर्यंत खालच्या खोलीत ओततो. सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्यांना विचारा. पलंगाची चादर हाताला गरम लागते.

गल्लीतल्या हवेत भर घालणारं आणखी एक यंत्र म्हणजे एसी. एसी खोली थंड करतो, म्हणजे खोलीतली उष्णता उचलून गल्लीत ठेवतो, वर स्वतःच्या विजेची उष्णता मिळवून. ज्याच्याकडे एसी आहे त्याला झोप लागते आणि त्याच्या मागच्या खिडकीत ज्याच्याकडे नाही त्याला गरम झोत मिळतो. एसी लावणाऱ्याला दोष द्यायची माझी इच्छा नाही. आजारी माणसाच्या घरात तो औषधासारखाच आहे. त्याच्या नळीतून टपकणारं पाणी बघा: ती खोलीतल्या हवेतून पिळून काढलेली ओल आहे. किनाऱ्यावर एसीचा खरा उपयोग तोच. म्हणून तो १८ वर ठेवायची गरजच नाही. २६-२७ वर ठेवून पंखा लावला तरी घाम वाळतो, बिल कमी येतं आणि गल्लीही थोडी कमी तापते.

झाडांचा फरक तर पायांनाच कळतो. दुपारी अठरा जून रस्त्यावरून चालत जाऊन कांपालच्या जुन्या झाडांखाली पोचलं, की डांबरावरून येणारी झळ थांबते. झाड हवेतली ओल कमी करत नाही, पण डोक्यावर पडणारं ऊन आणि रस्त्यानं साठवलेली उष्णता दोन्ही कमी करतं. रस्ता रुंद करताना तोडलेल्या एका झाडाच्या बदल्यात दूर कुठेतरी दहा रोपं लावली, तरी त्या रस्त्यावरच्या केळी विकणाऱ्या बाईच्या डोक्यावरची सावली परत येत नाही.

"आमच्या लहानपणीही मे असाच होता"

हे मी घरातच ऐकते, वडिलांकडून. काही अंशी खरं आहे. किनाऱ्यावरचा मे कधीच सुखाचा नव्हता. पण समुद्र तेव्हाचा राहिलेला नाही. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशानं वाढलं, असं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा अहवाल सांगतो. एक अंश म्हणजे काय, असं वाटेल. पण पंच्याचा हिशेब आठवा: एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त वाफ. आणि वडिलांच्या लहानपणी डोक्यावर कौलं होती, स्लॅब नव्हता, हेही त्यांना मी दर वर्षी सांगते.

"आपल्याला सवय आहे"

सवय होते, हे शास्त्रही मानतं. उकाड्यात एक-दोन आठवडे काम केलं की घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. पण सवयीला मर्यादा आहे. हवाच घाम घेत नसेल, तर सवयीनं जास्त सुटलेला घाम जास्त गळतो, एवढंच. आणि याची दुसरी बाजू अशी की नवख्याला पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. मे महिन्यात दुसऱ्या राज्यातून बांधकामावर आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लावू नये, आधी अर्धा दिवस, मग हळूहळू. मुकादमाला ही एक गोष्ट कळली तरी पुष्कळ झालं.

"पंखा आहे, पाणी पितो, मग काय?"

पंख्याची बाजू मी घेईन. अंगाला लागून असलेला हवेचा थर आपल्याच घामानं चिंब झालेला असतो. पंखा तो हटवून त्या जागी जरा कमी भिजलेली हवा आणतो. आपल्याकडे हवा बहुधा त्वचेपेक्षा थोडी थंड असते, त्यामुळे इथे पंखा दुहेरी कामाचा. नागपूरच्या ४३ अंशांत तोच पंखा भट्टीचा झोत होतो. मात्र खिडक्या बंद करून चार माणसं एका पंख्याखाली झोपली, तर तीच ओली हवा गोल फिरत राहते. एक खिडकी आणि तिच्या समोरचं दार उघडं हवं.

पाणी गेलेला घाम भरून काढतं, पण तो वाळवत नाही. दिवसभर साधं पाणीच ढोसलं आणि मीठ पोटात गेलं नाही, तर पायात गोळे येतात, मळमळतं. यावर आपल्याकडे उत्तर होतंच: दहा-अकराची पेज. पातळ पेज, मीठ, सोबत लोणच्याची फोड किंवा खारातली कैरी. पाणी, मीठ आणि दमाचं अन्न एकाच वाडग्यात. सोलकढी, तिवळ, ताक ही त्याच घरची. शेतात राबणाऱ्यांनी शोधलेली ही न्याहारी शहरात आपण चहा-पावावर सोडून दिली. हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूचा, हंगामही नेमका याच महिन्यांत येतो. चव मला मान्य आहे, पण दारू लघवीवाटे पाणी आणखी बाहेर काढते आणि भान कमी करते. भर दुपारी हुर्राक घेऊन उन्हात निघणं हा जिवाशी खेळ आहे.

ज्यांना थांबता येत नाही

उकाड्यात थांबता येणं ही चैन आहे. पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, हेल्मेट घालून, इंजिनाच्या धगीवर बसून, तापलेल्या डांबरावर गिऱ्हाइकाची वाट बघत असतो. मासळी मार्केटात बाई पहाटेपासून बसलेली असते. पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, रात्रभर भट्टीसमोर असतो, म्हणजे ज्या वेळी शरीरानं निवायचं, त्याच वेळी तो तापत असतो. हॉटेलांच्या भटारखान्यात वाफ साठलेली असते, तिथे ओला पारा बाहेरच्याहून कितीतरी चढा असणार. आणि घरात एकटी म्हातारी माणसं. वयाबरोबर घाम कमी सुटतो, तहानही कमी जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्या यांनी उकाडा सोसायची शक्ती घटते. गोळी मनानं बंद करायची नाही. एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

उष्माघाताबद्दल एक गैरसमज मला मनापासून खोडायचा आहे. "अंग कोरडं पडलं तरच उष्माघात" असं आपण ऐकलेलं असतं. दमट हवेत, विशेषतः काम करता करता कोसळलेल्या माणसाचं अंग घामानं निथळत असू शकतं आणि तरी आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. खूण डोक्यात बघायची: माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, नाव सांगता येत नाही, झटके येतायत, शुद्ध जातेय. अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहायचं नाही, ताबडतोब थंड करायला सुरुवात करायची.

इथेच वरचं सगळं शास्त्र कामाला येतं. कोरड्या प्रदेशात ओली चादर आणि वारा यांनी बरंच भागतं. आपल्याकडे ओलं कापड वाळतच नाही, म्हणून नुसती ओली पट्टी पुरत नाही. बादल्यांनी गार पाणी अंगावर ओतायचं, पंखा लावायचा, आणि बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा इथे ठेवायचा. पणजीत बर्फ दूर नसतो: मासळी मार्केटात, कोपऱ्यावरच्या बारमध्ये, रसाच्या गाड्यावर. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

आमच्या गल्लीतले दोन थर्मामीटर

या वर्षी मी आणि शेजारच्या दोन मुलींनी एक साधी गोष्ट केली. दोन सारखे थर्मामीटर आणले, एका फळीवर शेजारी शेजारी लावले. एकाच्या फुग्याला सुती वात गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. फळी सावलीत, वाऱ्याला, पण भिंतीला न टेकता टांगली. वाचन घ्यायच्या आधी दोन मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घालायचा. दुपारी तीन आणि रात्री अकरा, दोन वेळा वहीत नोंद. हवामान खात्याच्या यंत्रांची अचूकता याला नाही, पण आमच्या गल्लीची हवा यातच कळते.

पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी दिसल्या. स्लॅबच्या वरच्या मजल्यावर फळी टांगली त्या रात्री अकराला कोरडा पारा खालच्या अंगणापेक्षा तीन अंशांनी वर होता. आणि ओला पारा दुपारी २८ च्या वर गेला त्या दिवशी शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या गवंड्यानं आपण होऊन सांगितलं, "आज हात चालत नाही." तेव्हापासून तो फळी बघायला येतो. आकडा २८ च्या खाली असला तर काम चालू, वर गेला तर दर अर्ध्या तासानं दहा मिनिटं सावलीत, आणि २९ च्या वर गेला तर स्लॅबवरचं काम सकाळी सातला ढकलायचं, असं त्यानं आणि ठेकेदारानं आपसांत ठरवलंय. हा काही सरकारी निकष नाही, त्यांच्या अंगाच्या अनुभवावरून ठरलेला आहे.

वहीतली पानं आता वॉर्डाच्या बैठकीत न्यायची आहेत. मागणी छोटीच आहे: मार्केटच्या बाहेरच्या बाजूला बसणाऱ्यांसाठी सावली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ, रस्त्याच्या कामाला दुपारी बारा ते चार सुट्टी, आणि पालिकेच्या फलकावर रोजच्या कमाल तापमानाच्या शेजारी ओल्या पाऱ्याचा आकडा. काल रात्री अकराची नोंद धाकट्या मुलीनं केली: कोरडा २९, ओला २७. तिनं पेन्सिलीनं खाली लिहिलंय, "वारा नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली अंगणात झोपले."